देवाला सोडलेल्या शेळ्या

मला पाणलोट कमिटीत घेतलं ते माझी हुशारी बघून नव्हे. कमिटीत बायका पाहिजेत असा कामाला पैसे देणाऱ्या संस्थेचा नियम होता आणि गावातल्या सुनांमध्ये दहावी पास मी एकटी. त्यात आमचं किराणा दुकान आबांच्या माळवदाच्या घरासमोरच. सहीची गरज पडली की आबांच्या गड्यानं रस्ता ओलांडायचा, मी शेंगदाण्याचा हात पदराला पुसून सही करायची आणि गड्यानं परत जायचं. पहिले काही महिने, तू कमिटीत नेमकं काय करतेस असं कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की मी रस्त्याच्या अलीकडे राहते.

आबा म्हणजे गावाचे माजी सरपंच. सरपंच दुसरा कुणी झाला तरी तो आबांना विचारल्याशिवाय पाणी पीत नसे. आबा वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. लग्न असो, मयत असो, बाळंतीण अडलेली असो, त्यांची जीप सगळ्यांत आधी दारात उभी. आणि कुणाला तोंडावर ‘नाही’ म्हणायचा स्वभाव नव्हता. सभेत ते मिशीवरून हात फिरवत विचारायचे, गावाचं काय म्हणणं हाय? मग सगळं गाव आपलं म्हणणं काय आहे हे बघायला आबांच्या तोंडाकडे बघायचं.

ती वर्षंही मोठी मजेशीर होती. दुकानात दोऱ्याला टांगलेल्या शाम्पूच्या पुड्या आल्या. सासऱ्यांनी एका कोपऱ्यात काचेचा एसटीडी बूथ बसवला, आणि आत जाऊन बोलायचं की बाहेर उभं राहून ओरडायचं यावर गावात बरेच दिवस मतभेद होते. सगळं काही येत होतं, पाऊस तेवढा येत नव्हता. म्हणजे यायचा, पण आपल्या मनानं. मृगात पेरलं की दडी मारायचा, आणि मूग-उडीद तोडायला आले की रात्रंदिवस कोसळायचा. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची, गल्ल्यावर बसून म्हणायचे की सरकारनं पाऊस बी खाजगी केला, आता ज्याची वट असंल त्याच्याच रानात पडणार.

अशात एका निळ्या जीपमधून संस्थेचा तरुण साहेब आला. धारूरच्या अंगाला आमचा डोंगर आहे, त्यावर आडवे चर खणायचे, दगडी बांध घालायचे, झाडं लावायची, म्हणजे पडेल तेवढं पाणी जागीच मुरेल, असं त्यानं समजावून सांगितलं. पोरगा मनाचा चांगला होता. दर दुसऱ्या वाक्याला ‘गावानं ठरवायचं’ म्हणायचा. गावात कोण ठरवतं हे त्याला ठाऊक नव्हतं एवढंच.

डोंगर गायरान होता, म्हणजे सगळ्यांचा. डोंगराच्या पायथ्याला मात्र आबांची मोसंबी, आबांचा ऊस आणि आबांच्या विहिरी होत्या. वर मुरलेलं पाणी खाली पहिल्यांदा कुणाच्या विहिरीत उतरणार हे सांगायला भूगोलाचा मास्तर नको होता. चर खणायला वरच्या वस्तीवरची बिनजमिनीची माणसं होती, त्यातही बायाच जास्त. थोडी मजुरी संस्थेची, बाकीचं श्रमदान. श्रम कुणाचे आणि दान कुणाला, असा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. पण माझं काम सही करायचं होतं, आणि ते मी सरळ रेषेत करत होते.

चर झाले, रोपं लागली, आणि मग चराईबंदीची सभा लागली. सभा नेहमी सकाळी अकराला, आबांच्या ओसरीवर. अकराला वस्तीवरची माणसं कुणाच्या तरी रानात खुरपत असतात नाहीतर शेळ्यांमागे डोंगरावर असतात. म्हणजे सभेला जमायचं ते अकरा वाजता ज्यांना काही काम नसतं ते गाव. त्या गावानं एकमुखानं ठरवलं की रोपं जगेपर्यंत डोंगरावर एकही शेळी चढवायची नाही. चढलेली दिसली तर थेट कोंडवाडा. साहेबाचे डोळे भरून आले होते. इतक्या लवकर एकमत झालेलं गाव त्यानं पाहिलं नव्हतं म्हणे.

ठराव लिहून होणार इतक्यात मागून कुणीतरी विचारलं, आबा, देवाच्या बोकडाचं काय करायचं?

हा बोकड आबांचाच. नातू व्हावा म्हणून त्यांनी डोंगरावरच्या खंडोबाला बोकड बोलला होता. नातू झाला. मग रीतीप्रमाणे एका करडाचा कान कातरून, कपाळाला भंडारा म्हणजे हळद लावून ते देवाला सोडलं. असा बोकड जत्रेत कापेपर्यंत गावभर मोकळा फिरतो, कुणाच्याही रानात तोंड घालतो, आणि त्याला कुणी हाड म्हणत नाही. पण नातवाला त्याचा लळा लागला. दर जत्रेला ‘पुढच्या साली देऊ’ असं करत करत बोकड शिंगरासारखा वाढला होता. आमच्या दुकानातली गुळाची ढेप त्यानं उभ्या उभ्या खाल्ली, आणि मामा काठी घेऊन धावले ते अर्ध्या वाटेत काठी टाकून हात जोडून उभे राहिले. आम्ही लिंगायत वाणी, आमच्या घरात मटणाचं नाव निघत नाही, पण गिऱ्हाइकांच्या देवाशी वैर कोण धरतो.

आबा म्हणाले, “देवाला बंदी घालणारे आपुन कोण, बे? देवाची जनावरं सोडून लिव्हा.”

तसं लिहिलं गेलं. गडी रस्ता ओलांडून आला, मी सही केली.

वरच्या वस्तीवर एक विधवा बाई राहायची. सगळं गाव तिला मावशी म्हणायचं. नवरा होता तोवर ती दर साली त्याच्याबरोबर ऊसतोडीला खाली कारखान्यांकडे जायची. तोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आमच्याकडे एक कोयता म्हणतात. नवरा गेला आणि कोयता मोडला. एकट्या बाईला अर्धा कोयता धरतात. कुणाच्या तरी टोळीमागं जायचं, झोपायला पालातली शेवटची जागा, मोळ्या मात्र सगळ्यांइतक्याच बांधायच्या. मावशीनं तसेही काही हंगाम काढले. मग एक शेळी घेतली, तिच्यापासून कळप वाढवला, आणि पुन्हा ट्रकमध्ये पाय ठेवणार नाही अशी खंडोबाची आण घेतली. शेळ्या आहेत तर मावशी गावात, शेळ्या गेल्या की मावशी ट्रकमध्ये, इतकं ते सरळ होतं.

बंदी लागल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या शेळ्या कोंडवाड्यात गेल्या. डोंगराला राखण म्हणून एक धिप्पाड गडी ठेवला होता, त्यानं हाकलत नेल्या. मावशीनं गयावया करून सोडवल्या, तर पुन्हा पकडल्या. गावात दुसरीकडे चारायला जागा नव्हती, सगळी राखलेली रानं. शेळ्या दारात बांधून ती बांधाबांधानं पाला ओरबाडत फिरायची, आणि शेळ्यांच्या बरगड्या मोजता येतील अशा दिसायला लागल्या. आणि दसरा जवळ येऊ लागला तसा टोळ्या भरणारा मुकादम आमच्या दुकानाच्या बाकड्यावर येऊन बसायला लागला. मुकादम आबांचा सख्खा पुतण्या. तो मावशीला लांबून हाक मारायचा, यंदा येती का गं, म्हातारे, एक अर्धा कोयता कमी पडतोय. मावशी त्याच्याकडे न बघता काडेपेटी घ्यायची आणि निघून जायची. मला त्या माणसाचा इतका राग यायचा की त्याला चहापत्ती बांधताना मी कागद जरा जाडच वापरायची. काट्यावर कागदही चढतो.

मावशीनंच एकदा मला विचारलं की ठरावात काय काय लिहिलं आहे. मी तिला सगळं सांगितलं, देवाच्या बोकडासकट. ती नुसतं ‘अस्सं’ म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी, खंडोबाच्या वारी, ती सकाळीच दुकानात आली.

“हळद दे,” ती म्हणाली.

“किती देऊ?”

“हाय तेवढी दे.”

“लगीन कुणाचं काढलं, मावशी?”

“शेळ्यांचं,” ती म्हणाली आणि परात पुढे केली.

दुपारी सगळा कळप गावातून निघाला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिले. कपाळाला टिळा वगैरे नव्हे, शिंगांपासून शेपटीपर्यंत हळद. पांढऱ्या शेळ्या पिवळ्याधमक झाल्या होत्या, काळ्या मात्र हिरवट दिसत होत्या. प्रत्येकीचा कान कातरलेला. मावशी मागून ‘येळकोट येळकोट’ म्हणत संथ चालली होती आणि समोर आबा ओसरीवर पान खात बसले होते. त्यांचं चघळणं थांबलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

डोंगराच्या वाटेवर राखण्या आडवा आला. तो म्हणाला, नवस बोकडाचा असतो, शेळीचा कुठं असतो का?

“कावून?” मावशी म्हणाली. “देव दूध पीत न्हाई का?”

राखण्यानं काठी उचलली खरी, पण देवाच्या जनावराला मारायचं म्हणजे घरी लेकराबाळांचा विचार करावा लागतो. त्यानं काठी खाली ठेवली आणि सवयीनं पाया पडला. देव तारी त्याला कोण मारी म्हणतात, ते शेळ्यांनाही लागू आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पुढच्या आठ-पंधरा दिवसांत वस्तीवरच्या सगळ्याच शेळ्यांना खंडोबाची ओढ लागली. आमची हळद संपली. मामा धारूरच्या बाजारातून पोतं घेऊन आले, तेही संपलं, मग आणखी दोन आणली. मामा मोठ्या समाधानानं म्हणायचे की अलीकडं गावात भक्ती लई वाढली. सांजच्याला डोंगर बघितला तर हिरव्यात पिवळे ठिपके पसरलेले असायचे, करडईचं रान फुलावं तसे. त्यातच संस्थेकडे कुठून तरी लांबून मोठे पाहुणे आले आणि साहेबानं त्यांना डोंगर दाखवायला आणलं. चर बघायचे सोडून पाहुणे शेळ्यांकडेच बघत राहिले. ही कोणती जात, त्यांनी विचारलं. साहेब घाम पुसत म्हणाला, स्थानिक आहे. पाहुण्यांनी फोटो काढले. ते फोटो कुठल्या देशात गेले असतील आणि तिथली माणसं आमच्या पिवळ्या शेळ्यांबद्दल काय समजून बसली असतील, याचा विचार करून मी आजही एकटीच हसते.

आबा हसले नाहीत आणि चिडलेही नाहीत. ते थांबले. हाडाचा पुढारी घाई करत नाही. मग त्यांनी खास सभा लावली, अर्थात अकराला.

तोवर साहेबाकडून मला एक गोष्ट कळली होती. बाईची सही नसेल तर संस्था ठराव मानत नाही. गडी निरोप घेऊन आला तेव्हा मी शेंगदाणे पाखडत होते. त्याला सांगितलं, अकराला दुकानात गर्दी असते, मला सवड नाही. सही पाहिजे तर सभा दिवेलागणीला घ्या. गडी गेला, परत आला, पुन्हा गेला. रस्ता तेवढाच, पण त्या दिवशी त्याला तो लांब झाला असावा. शेवटी सभा दिवेलागणीला ठरली. वस्तीवरची माणसं पहिल्यांदा आबांच्या अंगणात बसलेली मी त्या सांजेला पाहिली, आणि काहीजणी शेळ्या घरी सोडण्यात वेळ जायला नको म्हणून शेळ्यांसकट आल्या होत्या.

आबांनी सुरुवात गोड केली. गावात एवढी भक्ती बघून मन भरलं म्हणाले. मग मिशीवरून हात फिरवला. देवाला सोडलेलं जनावर देवालाच द्यावं लागतं, ही आपल्या वाडवडलांची रीत. तेव्हा मार्गशीर्षातल्या जत्रेला पिवळे झालेले सगळे बोकड कापायचे आणि गावजेवण घालायचं. शेळ्या कापत नाहीत, पण देवाची शेळी विकता येत नाही, तिची करडं विकता येत नाहीत, आणि देव दूध पितो असं म्हणणं पडलंय तर दूध रोज देवळात पोचवावं. गावाचं काय म्हणणं हाय?

बोकड विकूनच वस्तीवरच्यांचं वर्ष निघायचं. आपल्या दुकानातल्या हळदीनं ह्या बायांना बुडवलं असं वाटायला लागलं. मुकादम भिंतीला टेकून उभा होता, तो गालातल्या गालात हसला. साहेबानं लिहायला पेन काढलं.

मावशी उठली. ती बोलायला उभी राहिलेली कुणी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना आधी वाटलं ती घरी चालली.

“आबा बोलले ते खरं हाय,” ती म्हणाली. “देवाचं ते देवाला. बोकड देऊ आमी. आधी तुमचा, तो थोरला हाय, लई दिवस वाट बघतोय. त्याच्या मागं आमचे.”

कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं. आबांचा नातू आजोबांच्या मांडीवरून उठून आत पळाला.

“पण मला एक सांगा, आबा. ही जनावरं देवाची, तर ज्या डोंगरावर ती चरत्यात तो डोंगर बी देवाचाच झाला. मग डोंगरात मुरलेलं पाणी कुणाचं? तुमच्या हिरीत उतरलंय ते देवाचं पाणी हाय. त्याच्यावरचा ऊस तुमी कारखान्याला कसा घालणार? त्यो बी देवळातच न्यावा लागंल.”

आता हसायला खोकल्याची गरज उरली नाही. अंगण आधी फिसकन आणि मग मोकळं हसलं. मी हसले, साहेब हसला, राखण्या हसला. शेवटी आबाही मान हलवून हसले. हरलेला पुढारी सगळ्यांच्या मागून हसतो, पण सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.

मग खरी सभा झाली. भांडण झालं, आवाज चढले, दोनदा कुणी कुणी उठून गेले आणि परत आले. साहेब पहिल्यांदाच काही न बोलता ऐकत होता. शेवटी ठरलं ते असं की डोंगराचे तीन भाग करायचे. दोन राखायचे, एक चरायला मोकळा, आणि भाग आळीपाळीनं बदलायचे. राखलेल्या भागातलं गवत ज्यांना जमीन नाही त्यांनी कापून न्यायचं, ते कुणी विकायचं नाही. शेळ्यांची हळद धुऊन टाकायची. खंडोबाचा राग नको म्हणून सगळ्या गावाच्या वतीनं एकच बोकड द्यायचा, आणि तो कुणाचा हे विचारायची कुणाला गरज वाटली नाही.

मी सहीला पेन उचललं आणि विचारलं, पाण्याचं काय ठरलं?

“पाण्याचं पुढच्या मीटिंगला घेऊ, सूनबाई,” आबा म्हणाले. “एका दिवसात सगळं कसं व्हईल?”

बरोबरच आहे, मला वाटलं. त्या सांजेला मला सगळंच बरोबर वाटत होतं. मी सही केली आणि घरी येऊन मामांना सगळं नक्कल करून दाखवलं. मामा हसून हसून ठसकले, आणि मग म्हणाले की हळदीचं एक पोतं उरलंय त्याचं आता काय करायचं.

दसरा झाला आणि ट्रक आले. दरवर्षीसारखे ते आमच्या दुकानासमोर उभे राहिले, कारण जाताना मीठ-मिरची, काडेपेटी, तंबाखू इथूनच घ्यायची असते. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, खुराड्यातल्या कोंबड्या, शेरडासारखी दाव्यानं धरलेली लहान लेकरं, आणि त्यांच्यामधून डोकं वर काढून बसलेल्या बाया. मावशी शेळ्या घेऊन मोकळ्या भागाकडे चालली होती, ती थांबली. धुतलेल्या शेळ्यांच्या कानांमागे अजून थोडी हळद राहिली होती. ट्रकमधल्या बायांनी तिला हाका मारल्या, एकीनं तिला लिमलेटच्या गोळ्या फेकल्या, सगळ्या हसत होत्या. मुकादम ड्रायव्हरशेजारी बसला होता, त्यानं ह्या वेळी तिला हाक मारली नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

ट्रक हलला. मावशी रस्त्याच्या कडेला हात वर करून उभी राहिली. ट्रक नांदूरघाटच्या रस्त्याला लागला, धूळ बसली, तरी तिचा हात खाली येईना. मी पायरीवरून तिला म्हटलं, मावशी, यंदा तुमी वाचलात, बघा. आबाला कसं गप केलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे, पण हसूनही नव्हे.

“आत्ता गेल्या त्या बायांनीच चर खांदले, बाई,” ती म्हणाली. “रंगवायला शेळी न्हवती त्यांच्याकडं.”

मग ती शेळ्यांना हाकारत निघून गेली. पायथ्याला आबांच्या विहिरीवरची मोटर उसाला पाणी पाजत होती, तिचा आवाज दुकानापर्यंत येत होता.